ओगाच्या तळ्यांखालचा इतिहास

ज्वालामुखींच्या कमानीचे चित्र भूशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडते. एका बाजूला समुद्रातली खोल गर्ता, तिच्यातून तिरकी खाली सरकणारी महासागरी भूपट्टाची लादी, त्या लादीतून वर झिरपणारे पाणी, पाण्यामुळे वितळू लागलेला खडक आणि माथ्यावर धूर सोडणाऱ्या डोंगरांची रांग. खाली जाणारी लादी आणि वरचे भूकवच यांच्यामध्ये उरलेला पाचरीच्या आकाराचा भाग मात्र या चित्रात एकाच सपाट रंगाने भरलेला असतो. पाणी त्यातून जाते, शिलारस त्यातून जातो. पण त्या भागाला स्वतःचे वय आहे, पूर्वायुष्य आहे, असे ते चित्र पाहून वाटत नाही. हा सपाट रंग चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. प्रावरणाचा जो वरचा, तुलनेने थंड आणि ताठर थर भूकवचाला चिकटून शिलावरणाचा भाग झालेला असतो, तो कमानीखालीही अनेकदा वरच्या ज्वालामुखींपेक्षा जुना असतो. ज्वालामुखी पेटण्यापूर्वी त्याच्यावर जे गुदरले, त्याच्या खुणा त्याच्यात राहतात. कमानीच्या काळात त्यात भर पडते, फेरफार होतात, काही ठिकाणी तर तो ओळखू न येण्याइतका बदलतो; तरी जुने सगळे नाहीसे होत नाही. याचा पुरावा मुठीएवढ्या, कधी सुपारीएवढ्या दगडांमध्ये आहे, आणि तो वाचायला शिकण्यात भूशास्त्राची अर्ध्या शतकाहून अधिक वर्षे गेली आहेत.

जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर भागात, आकिता प्रांतात, ओगा नावाचे द्वीपकल्प जपानच्या समुद्रात शिरलेले आहे. वर्षअखेरीच्या रात्री राक्षसाचे मुखवटे घालून घरोघरी फिरणाऱ्या नामाहागेंची प्रथा ही त्याची जपानमधली ओळख. भूशास्त्रज्ञ मात्र ओगाला ओळखतात ते तिथल्या तीन गोल तळ्यांमुळे: इचिनोमेगाता, निनोमेगाता आणि सान्नोमेगाता. ही तळी म्हणजे ज्वालामुखीची विवरे आहेत, पण उंच शंकूच्या माथ्यावरची नव्हेत. वर येणारा शिलारस जमिनीतल्या पाण्याला भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि स्फोटाने जमिनीत खड्डा पडला; पुढे त्यात पाणी साचले. अशा विवरांना मार म्हणतात. इचिनोमेगाता सुमारे ६०० मीटर रुंद आणि ४५ मीटर खोल आहे आणि ते साधारण ६० ते ८० हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाने तयार झाले. त्या स्फोटात जी राख आणि जे दगड उडाले, त्यांत काळपट ज्वालामुखी खडकाच्या आवरणात अडकलेले हिरवट, दाणेदार तुकडे सापडतात. त्यांतला हिरवा रंग ऑलिव्हीन या खनिजाचा. खडकाचे नाव पेरिडोटाइट, आणि तो भूकवचाचा खडक नव्हेच. तो प्रावरणाचा आहे. शिलारसाने वर येताना वाटेतल्या भिंतीचे तुकडे तोडून आणले, ते वितळण्याआधीच स्फोट झाला आणि ते उजेडात आले. दुसऱ्या खडकाच्या पोटात आलेल्या अशा पाहुण्या तुकड्यांना झेनोलिथ म्हणतात.

झेनोलिथ जगात पुष्कळ ठिकाणी मिळतात, पण बहुतेक ठिकाणे कमानींपासून दूरची आहेत. हिरे आणणारे किंबरलाइटचे नळ जुन्या, स्थिर खंडांच्या गाभ्यात असतात, आणि अल्कली बेसॉल्ट सहसा खंड ताणला जातो तिथे किंवा महासागरी बेटांवर येतो. आपल्याकडे मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर दख्खनच्या बेसॉल्टला छेदणाऱ्या लॅम्प्रोफायरच्या भित्तींमध्येही खोलातून आलेले झेनोलिथ आहेत, पण तेही फाटणाऱ्या खंडाच्या कडेचे, कमानीचे नव्हेत. कमानींत ते इतके दुर्मीळ असण्यामागे साधे कारण आहे. पेरिडोटाइटची घनता पाण्याच्या सुमारे ३.३ पट असते आणि शिलारस त्याहून बराच हलका असतो. म्हणजे तुकडा सतत खाली बुडू पाहतो. त्याला वर आणायचे तर शिलारसाने न थांबता, वेगाने वर यायला हवे. कमानीतला शिलारस पाणीदार असतो. वर येता येता दाब कमी झाला की त्यातले पाणी सुटू लागते, स्फटिक भराभर वाढतात, शिलारस दाट होतो आणि भूकवचातल्या कोठारांमध्ये रेंगाळतो. रेंगाळला की वजनदार तुकडे तळाशी बसतात. म्हणून ओगासारखी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत: कामचट्कातला अवाचा, फिलिपिन्समधल्या बातान बेटावरचा इराया आणि लुझोनवरचा पिनाटुबो, कॅरिबियनमधले ग्रेनाडा, मध्य मेक्सिकोतली काही ठिकाणे, अमेरिकेच्या कॅस्केड पर्वतरांगेमागचे सिम्को आणि आणखी थोडी.

दुसरा मार्ग छिद्र पाडण्याचा, आणि तो माणसाने करून पाहिला आहे. भूकवच आणि प्रावरण यांच्यामधली सीमा १९०९ मध्ये क्रोएशियन शास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिच यांनी भूकंपलहरींवरून ओळखली, आणि तेव्हापासून तिथवर पोहोचण्याची इच्छा भूशास्त्राला आहे. १९६१ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ, सुमारे ३,६०० मीटर खोल पाण्यात, अमेरिकेच्या मोहोल प्रकल्पाने समुद्रतळात छिद्र घेतले. ते तळाखाली १८३ मीटरपर्यंत गेले. पाच वर्षांनी, खर्चाच्या वादात, प्रकल्प बंद झाला. जमिनीवर रशियाच्या कोला द्वीपकल्पातले छिद्र १२ किलोमीटरच्या पुढे गेले, पण तिथले खंडीय कवच त्याहून बरेच जाड आहे. ओगाखाली प्रावरण सुरू होते ते २८-३० किलोमीटरवर. ज्वालामुखीने जे काम फुकट करून ठेवले, ते यंत्राने करण्याची आजही सोय नाही. म्हणूनच हे तुकडे मला कुठल्याही रत्नापेक्षा मोलाचे वाटतात.

त्यांचे मोल सुरुवातीला सर्वांना पटलेले नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक मोठा वाद होता: बेसॉल्टमधले हे हिरवे गोळे खरोखर बाहेरून आलेले, की त्याच शिलारसात आधी तयार झालेल्या स्फटिकांचे तळाशी साचलेले गठ्ठे? दुसरे मत खुळचट नव्हते. शिलारस थंड होताना ऑलिव्हीन सर्वांत आधी स्फटिकरूप घेते आणि जड असल्याने खाली बसते, हे तेव्हा प्रयोगांनी सिद्ध झालेले होते. १९५४ मध्ये रॉस, फॉस्टर आणि मायर्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी जगभरातल्या असल्या गोळ्यांची खनिजे तपासली आणि दाखवले, की वेगवेगळ्या खंडांतल्या, वेगवेगळ्या लाव्हांमधल्या गोळ्यांची खनिजे आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहेत. प्रत्येक शिलारसाने आपापला गठ्ठा बनवला असता, तर शिलारसाबरोबर गठ्ठेही बदलले असते. एवढा सारखेपणा एका सर्वव्यापी थराचाच असू शकतो. पुढे समस्थानिकांच्या मोजमापांनी अनेक ठिकाणी गोळा आणि त्याला वाहून आणणारा लाव्हा यांची कुळे वेगळी असल्याचे दिसले आणि वाद जवळजवळ मिटला. मात्र कमानींच्या बाबतीत वेगळ्या रूपात तो आजही डोके वर काढतो, त्याकडे पुढे येऊच.

ओगाच्या दगडांचे महत्त्व जगापुढे आणण्यात टोकियो विद्यापीठाचे हिसाशी कुनो यांचा वाटा मोठा आहे. १९१० मध्ये जन्मलेल्या कुनो यांनी जपानच्या लाव्हांचा आयुष्यभर अभ्यास केला. गर्तेपासून जपानच्या समुद्राकडे जाताना बेसॉल्टची रासायनिक घडण क्रमाक्रमाने बदलत जाते, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या आधी कियो वादाती यांनी १९२८ पासून खोल भूकंपांचा शोध घेत जपानखाली भूकंपांची केंद्रे पश्चिमेकडे अधिकाधिक खोल जातात, हे मांडले होते. भूपट्टांचा सिद्धांत येण्याआधीच ही दोन्ही निरीक्षणे जपानच्या हाती होती. १९६७ मध्ये इचिनोमेगाताच्या झेनोलिथांवर कुनो यांचे लेखन प्रसिद्ध झाले. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातील केन-इचिरो आओकी यांनी त्यांतल्या खनिजांवर काम केले. आणि १९८० मध्ये एइइची ताकाहाशी यांनी त्या खडकांचा तापमानाचा इतिहास मांडला. या पिढीने केलेले सर्वांत महत्त्वाचे काम, माझ्या मते, त्या दगडांकडे शिलारसाचा कच्चा माल म्हणून न पाहता एका जागेचे अवशेष म्हणून पाहण्याचे होते. तुकडा कुठल्या खोलीवर होता, तिथे किती उष्णता होती, तो तापत होता की निवत होता, हे प्रश्न तेव्हापासून विचारले जाऊ लागले.

आता त्या खडकात काय दिसते ते पाहू. ओगाचे बरेचसे तुकडे लर्झोलाइट जातीचे आहेत: ऑलिव्हीन, दोन प्रकारची पायरोक्सिने आणि थोडे स्पिनेल. प्रावरणाचा खडक अंशतः वितळला की कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम बाळगणारे पायरोक्सीन आधी संपत जाते, शिलारस निघून जातो आणि मागे हार्झबर्गाइट नावाचा रोडावलेला खडक उरतो. स्पिनेलचा काळसर दाणा या झिजेची नोंद चांगली ठेवतो, कारण वितळताना ॲल्युमिनियम निघून जाते आणि क्रोमियम मागे राहते. कानाझावा विद्यापीठाच्या शोजी अराई यांनी स्पिनेलमधले क्रोमियमचे प्रमाण आणि सोबतच्या ऑलिव्हीनमधले मॅग्नेशियमचे प्रमाण यांचा संबंध बसवून दिला. त्यामुळे एका बारीक तुकड्यावरून तो खडक पूर्वी किती वितळला होता, याचा अंदाज करता येतो. ओगाच्या तुकड्यांमध्ये ही झीज सर्वत्र सारखी नाही, आणि पुष्कळ तुकड्यांत ती फारशी नाही. या गोष्टीवर थोडे थांबायला हवे. कमानीतल्या लक्षावधी वर्षांच्या शिलारसनिर्मितीने खालचा सगळा खडक पिळून काढलेला असेल, अशी जी अपेक्षा चित्रावरून होते, ती इथे खरी ठरत नाही. ईशान्य जपान साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वीपर्यंत आशिया खंडाची कडा होता. मग जपानचा समुद्र उघडत गेला आणि दीड कोटी वर्षांपूर्वीपर्यंत ही पट्टी आजच्या जागेपर्यंत सरकली. ओगा त्या फाटलेल्या बाजूला, समुद्राच्या काठावर आहे. तिथल्या प्रावरणातला बराच भाग खंडाच्या त्या जुन्या कडेचा वारसा आहे, असे मानणे मला या खनिजांकडे पाहून सर्वांत सयुक्तिक वाटते. काही तुकड्यांत स्पिनेलसोबत प्लॅजिओक्लेज हे फेल्स्पार आढळते. ते कमी दाबाखालीच टिकते. खडक मूळच्या खोलीवरून वर उचलला गेल्याची, वरचा थर पातळ झाल्याची ती खूण असू शकते, आणि ताणल्या गेलेल्या प्रदेशात नेमके तेच अपेक्षित आहे.

जुन्या वाड्याच्या भिंतीवर नवा गिलावा चढावा, तसा या वारशावर कमानीचा काळ चढलेला आहे. ओगाच्या तुकड्यांत अँफिबोल आढळते. हे खनिज आपल्या घडणीत पाणी धरून ठेवते. कोरड्या प्रावरणात ते तयार होत नाही. ओगाखाली प्रशांत महासागराची लादी जवळपास दीडशे किलोमीटर खोलीवर आहे आणि तिच्यातून सुटलेले पाणी वर येते, या समजुतीशी ते अँफिबोल जुळते. त्याहून थेट पुरावा फिलिपिन्समध्ये मिळाला. १९९१ मध्ये पिनाटुबोचा प्रचंड उद्रेक झाला, त्याच्या प्युमिसमध्ये हार्झबर्गाइटचे तुकडे होते. त्या तुकड्यांतल्या खनिजांत अडकलेले द्रवाचे सूक्ष्म थेंब तात्सुहिको कावामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. थेंबांतले पाणी खारट होते: मिठाच्या हिशेबात वजनाने सुमारे ५.१ टक्के. समुद्राच्या पाण्यात ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. समुद्रतळाने शोषलेले पाणी गर्तेतून खाली गेले, लादी तापल्यावर सुटले, तरीही त्याचा समुद्राशी असलेला संबंध प्रावरणाच्या खडकात टिकून राहिला. चित्रातल्या 'पाणी वर झिरपते' या बाणाखाली आता प्रत्यक्ष थेंब आहेत. या शोधाने मला जितका आनंद दिला, तितका अलीकडच्या थोड्याच शोधांनी दिला असेल.

आता खोलीचा प्रश्न, कारण शिलावरणाचा तळ कुठे आहे हे त्याच्यावर ठरते. गार्नेट असलेल्या पेरिडोटाइटमध्ये दाब मोजायला चांगली मोजपट्टी आहे. स्पिनेल असलेल्या खडकात ती जवळजवळ नाही, कारण दाब बदलला तरी खनिजांची घडण फार थोडी बदलते. टीकाकार इथे बोट ठेवतात आणि त्यांचे बोट योग्य जागी आहे: खोली ठाऊक नसेल, तर तुकड्यांचा थरवार इतिहास लावणार कसा? बराच काळ या आक्षेपाला चांगले उत्तर नव्हते. २०१९ मध्ये सातो आणि ओझावा यांनी ओगाच्या तुकड्यांवर ते दिले. त्यांनी खनिजांच्या दाण्यात गाभ्यापासून कडेपर्यंत घडण कशी बदलते ते बारकाईने मोजले, शिलारसाने उचलण्याच्या अगदी आधी जो भाग आजूबाजूच्या परिस्थितीशी जुळून होता तेवढाच निवडला, आणि त्यावरून दाब काढला. तुकडे साधारण २८ ते ५५ किलोमीटर खोलीचे निघाले आणि तिथली तापमाने अंदाजे ८३० ते १,०८० अंश सेल्सिअस. वरच्या भागातले तुकडे शांत, समान दाण्यांचे. खाली जावे तसे ओढाताणीने विरूप झालेले, आणि वितळण्याच्या खुणा बाळगणारे. म्हणजे ओगाखाली शिलावरणाचा तळ चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तो कागदावरच्या रेघेसारखा नाही; ताठर खडक मऊ, अंशतः वितळलेल्या खडकात हळूहळू बदलतो असा कित्येक किलोमीटर जाडीचा पट्टा आहे. जुन्या खंडांच्या गाभ्याखाली शिलावरण दोनशे किलोमीटरपर्यंत जाते हे लक्षात घेतले, की कमानीमागचा हा थर किती पातळ आहे ते कळते.

एवढ्या थोड्या दगडांवर एवढा डोलारा उभा करावा का, असे कोणी विचारील. एक विवर, त्यातून शिलारसाच्या एका नळाने फोडलेली भिंत, आणि त्यावरून शेकडो किलोमीटर लांबीच्या कमानीबद्दल बोलणे. नमुना लहान आहे, आणि तो एकांगीही असू शकतो, कारण शिलारस ज्या वाटेने चढतो ती वाट बहुधा आधीच भिजलेली, बदललेली असते. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच दगडांना एकटे साक्षीदार मानू नये. त्यांची साक्ष दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याशी पडताळता येते. ऑलिव्हीनचे दाणे प्रवाहात एका दिशेला वळतात आणि त्या दिशेने भूकंपलहरी अधिक वेगाने जातात. ओगाच्या तुकड्यांतली ही रचना मोजून तिथल्या भूकंपमापकांनी नोंदवलेल्या लहरींशी ताडून पाहिली गेली आहे; तसेच ओगातूनच आलेल्या भूकवचाच्या तुकड्यांतून मोठ्या दाबाखाली लहरी सोडून त्यांचा वेग प्रत्यक्ष मोजला गेला आहे. भूकंपलहरी प्रचंड प्रदेश अंधुक दाखवतात, दगड एक ठिपका स्वच्छ दाखवतो. दोन्ही पुरावे एकमेकांशी जुळतात, तेव्हा त्या ठिपक्याला प्रतिनिधी म्हणण्याचा अधिकार मिळतो, त्याआधी नाही.

मघाच्या जुन्या वादाचे नवे रूप म्हणजे दुसरा आक्षेप: तुकड्यात दिसणारे बदल प्रावरणात घडलेले नसून वर येताना शिलारसाने केलेले असतील. काही खनिजकडांबाबत हे खरे आहे. पण जो दगड बुडण्याआधी तीसेक किलोमीटर वर आला, त्याचा प्रवास फार लांबलेला असू शकत नाही. शिलारसाची छाप दाण्याच्या बारीक कडेपुरती राहते. खडकात सर्वत्र विखुरलेले, शेजारच्या खनिजांशी समतोल साधलेले अँफिबोल अशा घाईत तयार होत नाही. इराया ज्वालामुखीच्या तुकड्यांवरून हे अधिक स्पष्ट होते. अराई आणि सहकाऱ्यांना तिथे दोन जातींचे पेरिडोटाइट सापडले: भरड दाण्यांचे जुने, आणि त्याची जागा घेत आलेले बारीक दाण्यांचे. लादीतून आलेल्या, सिलिका बाळगणाऱ्या द्रवांनी जुना खडक जागच्या जागी बदलून बारीक दाण्यांचा केला, असा त्याचा अर्थ लावला जातो. जुने आणि नवे, दोन्ही त्याच लाव्हाने उचलून आणले. लाव्हानेच बदल केला असता, तर दोघेही सारखेच बदलले असते.

माझ्या म्हणण्याला सर्वांत जोरदार विरोध कामचट्कातून येतो. पेट्रोपाव्लोव्स्क शहराजवळ अवाचा हा जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्या तुकड्यांवर दिमित्री इओनोव्ह यांनी २०१० मध्ये केलेल्या अभ्यासानुसार ते हार्झबर्गाइट आहेत आणि त्यांच्यातून २८ ते ३५ टक्के शिलारस निघून गेलेला आहे. ही झीज ओगाच्या लर्झोलाइटपेक्षा कितीतरी जास्त आहे. एवढे वितळणे पाण्याशिवाय घडणे कठीण, आणि पाणी म्हणजे लादी. मग इथले शिलावरण कमानीनेच घडवले नाही का? मला वाटते, अवाचाखाली हे बऱ्याच अंशी खरे असेल. कमानीच्या अगदी सुरुवातीच्या काळात खडक भरपूर वितळून रोडावला, मग थंड होऊन वरच्या शिलावरणाला चिकटला. पण यामुळे माझा मुद्दा कोसळत नाही, उलट त्याची मर्यादा ठरते. अवाचाच्या तुकड्यांची तापमाने आज ९०० ते १,००० अंशांच्या आसपास आहेत. एवढी झीज घडवायला लागणाऱ्या उष्णतेपेक्षा ती बरीच कमी. म्हणजे जे वितळणे त्यांनी सोसले ते आजचे नाही. आजचा शिलारस त्यांच्यातून जातो, शिरा सोडतो, पण त्यांच्यापासून तयार होत नाही. आजच्या ज्वालामुखीच्या दृष्टीने तेही भूतकाळातलेच.

आणि जिथे वय मोजता आले तिथे उत्तर थक्क करणारे आहे. खडक वितळताना ऱ्हेनियम शिलारसाबरोबर जाते आणि ऑस्मियम मागे राहते. ऱ्हेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून ऑस्मियमचे एक समस्थानिक तयार होते, म्हणून ऱ्हेनियम निघून गेले की ते घड्याळ थांबते. इझु-बोनिन-मारियाना कमानीच्या गर्तेकडील बाजूला समुद्रतळात छिद्रे पाडून मिळवलेल्या पेरिडोटाइटवर इअन पार्किन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे घड्याळ वाचले. काही तुकड्यांतले वितळणे ८२ ते १२३ कोटी वर्षांपूर्वीचे निघाले. ती कमान स्वतः जेमतेम पाच कोटी वर्षांची आहे. ते दगड झेनोलिथ नव्हेत, हे मान्य. पण महासागराच्या मधोमध, जिथे कुठलाही जुना खंड डोळ्यांना दिसत नाही, तिथेही कमानीखाली तिच्याहून वीस पट जुना खडक असू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. हे घड्याळ कमानीत वापरताना सावध राहावे लागते, कारण १९९६ मध्ये ब्रॅन्डन आणि सहकाऱ्यांनी ओगा आणि सिम्कोच्याच तुकड्यांवरून दाखवले, की लादीतून ऑस्मियमही थोडे वर येते. तसे झाले तर वय खरे असते त्यापेक्षा कमी दिसते. म्हणजे चूक झाली असेल तर ती दगडांना तरुण ठरवणारी आहे, म्हातारे ठरवणारी नव्हे.

हा प्रश्न केवळ भूतकाळाच्या कुतूहलाचा नाही. पार्किन्सन आणि रिचर्ड आर्क्युलस यांनी १९९९ मध्ये दाखवले, की कमानींच्या पेरिडोटाइटमध्ये ऑक्सिजनची क्रियाशीलता प्रमाण मानल्या गेलेल्या पातळीपेक्षा ०.३ ते २ लॉग एककांनी, म्हणजे दुपटीपासून शंभर पटीपर्यंत जास्त आहे. मध्य मेक्सिकोच्या तुकड्यांतही तेच आढळले. अशा प्रावरणात गंधक सल्फाइडच्या रूपात टिकणे अवघड होते, आणि सल्फाइडमध्ये अडकलेले तांबे आणि सोने सुटे होऊन वर जाऊ शकते. पापुआ न्यू गिनीच्या लिहिर बेटावर लाडोलाम ही जगातल्या मोठ्या सोन्याच्या खाणींपैकी एक आहे. तिच्याजवळच्या समुद्रातल्या ज्वालामुखीने आणलेल्या, शिरा असलेल्या पेरिडोटाइटमध्ये तांबे, सोने, प्लॅटिनम आणि पॅलेडियम आजूबाजूच्या रोडावलेल्या प्रावरणापेक्षा दोनपासून आठशे पटींपर्यंत जास्त आढळले, आणि सोन्याच्या खनिजातले ऑस्मियम त्या प्रावरणाशी जुळले. खाण वर आहे. तिचा माल जमवण्याचे काम खाली, शिलावरणात, फार आधी सुरू झालेले होते. कुठल्या कमानीत धातू आहेत आणि कुठल्या नाहीत, याचे उत्तर ज्वालामुखीच्या वयात शोधणाऱ्यांनी त्याच्याखालच्या खडकाचे वयही विचारायला हवे.

प्रावरण एकसारखे मानून, त्यात पाणी सोडून, किती शिलारस निघेल याचे गणित करणारी प्रारूपे आजही सर्रास वापरली जातात, कारण ती सोपी आहेत. ओगा, अवाचा, इराया आणि मारियाना या चार ठिकाणांनी चार वेगळी प्रावरणे दाखवली आहेत, आणि प्रत्येकाचा फरक कमान जन्माला येण्याआधीच्या, निदान आजचे ज्वालामुखी पेटण्याआधीच्या घटनांनी ठरलेला आहे. पहिली पायरीच चुकीची असेल, तर पुढचे गणित कितीही काटेकोर असून उपयोग नाही. कमानीच्या चित्रात ती पाचर एका रंगात भरणे आता थांबवले पाहिजे.